सतराशे तीनचा जानेवारी

चर्चची जुनी नोंदवही मऊ उशीवर उघडून ठेवली गेली आणि म्यूरिअलने चष्मा लावला. क्लिफर्डने दोन्ही हात मांडीवर घेतले. पानाला बोट लावायचं नाही, हे अभिलेखागाराच्या वाचनकक्षातल्या बाईंनी त्याला दोनदा सांगितलं होतं.

दोघं लांबची चुलत भावंडं. ती निवृत्त शिक्षिका. तो यॉर्कशरच्या डोंगरउतारांवर चुना-सिमेंटशिवाय दगडी भिंती रचणारा गवंडी. डिन्सडेल घराण्याची वंशावळ म्यूरिअलने वीस वर्षं खपून तयार केली होती. शनिवारी ती गावच्या सभागृहात लागणार होती. तीत राल्फ डिन्सडेलच्या धाकट्या मुलाच्या, अँथनीच्या, नावापुढे लिहिलं होतं : बाप अज्ञात. क्लिफर्ड या अँथनीच्या शाखेतला.

कारण साधं होतं. राल्फचं दफन १४ जानेवारी १७०३. अँथनीचा जन्म १० डिसेंबर १७०३. मध्ये अकरा महिने. बाप म्हणून राल्फचंच नाव लागलं होतं, पण म्यूरिअलच्या मते त्याच्या दुसऱ्या बायकोने सांगितलं ते पाद्र्याने लिहून घेतलं, एवढंच. म्यूरिअल पहिल्या बायकोच्या वंशातली.

हे सगळं तिने चर्चच्या टाइप केलेल्या याद्यांवरून ठरवलं होतं. जन्म आणि बाप्तिस्मे एका यादीत, दफनं दुसरीत. मूळ वही एकदा डोळ्यांनी बघायचीच, हा हट्ट क्लिफर्डचा. येताना बसमध्ये ती म्हणाली होती, की तीनशे वर्षांपूर्वीच्या आजीचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं. तो म्हणाला होता, आजी त्याची आहे, म्हणून तिला सोपं जातंय.

अक्षर किरटं होतं. म्यूरिअल पेन्सिल हवेत धरून एकेक ओळ उतरत गेली. इथे वेगळ्या याद्या नव्हत्या. जन्म, लग्नं, दफनं, जसं घडलं तसं एकाखाली एक. डिसेंबरात अँथनी सापडला. जानेवारीसाठी ती मागचं पान उलटणार, तोच क्लिफर्ड म्हणाला, "थांब. राल्फ इथे खाली आहे."

"मागे असेल तो."

"आडनाव ओळखता येतं मला. खाली आहे, म्यूरिअल. पोराच्या खाली."

तिने पाहिलं. अँथनी. मग नाताळातलं एक लग्न, दोन दफनं आणि मग राल्फ, १४ जानेवारी. त्याच्याही बरंच खाली, मार्च संपताना, मोठ्या आकड्यांत १७०४ लिहिलं होतं.

तिने बाईंना बोलावलं. बाईंनी एकच नजर टाकली आणि सांगितलं, की त्या काळी नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं. जानेवारी हा सरत्या वर्षाचा महिना. म्हणजे सतराशे तीनचा जानेवारी आला तो सतराशे तीनच्या डिसेंबरनंतर.

म्यूरिअलने दोन्ही तारखांमधले दिवस मोजले. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. वर्गातल्या पोरांना तिने ते दरवर्षी शिकवलं होतं. यादी समोर आली तेव्हा मात्र तिने महिने मोजले ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरप्रमाणे.

"पस्तीस दिवसांचा होता," ती म्हणाली. "बाप गेला तेव्हा."

क्लिफर्डने मान हलवली. राल्फच्या नावापुढे आणखी एक शब्द होता, तो काय म्हणून त्याने विचारलं. टाइप केलेल्या यादीत तो आलाच नव्हता. म्यूरिअलने भिंग घेतलं.

"भिंती रचणारा."

क्लिफर्ड खुर्चीत ताठ बसला. "तुमच्या बाजूला कोणी दगड उचलला होता का गं?"

"नाही. आम्ही सगळे दुकानदार." तिने चष्मा काढला. "शनिवारी माझी चूक मीच सांगेन. सगळ्यांसमोर."

"सांगच. आणि जरा मोठ्याने. तुझ्या सख्ख्या भावाला कमी ऐकू येतं."

ती हसली नाही, पण रागावलीही नाही.

वही बंद करण्याआधी बाईंनी प्रतीचं विचारलं. जन्माची नोंद वेगळी काढली आणि दफनाची वेगळी, तर दोन्ही मोठ्या आणि स्वच्छ येतील, असं त्यांनी सुचवलं. लोक बहुधा तशाच नेतात.

"नको," क्लिफर्ड म्हणाला. "पान अख्खं द्या. मध्ये कापू नका."