दोन बोटं टप

"लागला!" मागच्या सीटवरून आर्जियाबाई ओरडल्या. "तुझा टप माझ्या अंबाड्याला लागला, एवारिस्तो!"

एवारिस्तो मालागोलीने कपाळावर हात मारला. गाडीला अजून काचा नव्हत्या, रंग नव्हता, चाकंसुद्धा नव्हती. मोदेनाबाहेरच्या त्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर पत्र्याचा नुसता सांगाडा उभा होता, मागे तेवढी एक सीट बसवलेली, आणि तिच्यावर काळ्या कपड्यातली, भरल्या अंगाची त्याची सासू. महिन्याभराने हीच गाडी तोरिनोच्या प्रदर्शनात उभी राहायची होती.

"बाईंचं माप घेतलं होतं ना?" तो पत्रेकाम करणाऱ्या नेव्हिओवर खेकसला.

"घेतलं की. गावातल्या शिंप्याने स्वतः घेतलं. गुडघे, कंबर, पाठ, सगळं. फक्त अंबाड्याला टेप लावायची त्याची छाती झाली नाही."

"मग तू लावायची होतीस!"

"मी? मला बायकापोरं आहेत, मालक."

शेडची जागा आर्जियाबाईंची. त्यांच्या नवऱ्याने तिथे जन्मभर शेतीचे पंप ओतले. लढाईनंतर जावयाने पंप बंद करून स्कूटर काढल्या, तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. आता तो चौघांना बसवून आल्प्सपासून नापोलीपर्यंत एका दिवसात नेईल अशी झोकदार गाडी करायला निघाला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. पहिली गाडी तयार झाली की पहिल्या रविवारी मागच्या सीटवर मी बसणार, आणि चर्चमध्ये मिस्साला ताठ मानेने जाणार. नाहीतर शेडमध्ये पुन्हा पंप. बाई बोलल्या की बोलल्या, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"आई, जराशी मान खाली घातलीत तर..."

"का? मी काय कुणाच्या कोंबड्या चोरल्यात?"

एवारिस्तो नेव्हिओकडे वळला. "बरं. टप दोन बोटं वर घेऊ."

"घ्या की," दाराशी उभा असलेला वाल्दिएरी म्हणाला. गाडीचं चित्र त्याने काढलं होतं. माणूस तोरिनोचा, कोटावर पत्र्याचा कीस उडू नये म्हणून आत यायलाच तयार नव्हता. "खुशाल घ्या. फक्त माझं नाव काढून टाका. ती रेघ पुढून निघते ती थेट शेपटीपर्यंत एका दमात जाते. मध्येच दोन बोटं उचललीत तर गाडीला कुबड येईल. मी संध्याकाळच्या आगगाडीने घरी जातो."

एवारिस्तोची गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. वाल्दिएरीच्या नावाशिवाय तोरिनोत त्याला कुत्रं विचारणार नव्हतं. तिथे तो पंपवाल्याचा जावई, बस्स. आणि सासूशिवाय तर डोक्यावर शेडच नव्हती.

"भांडताय काय लहान पोरांसारखे," बाई आतून म्हणाल्या. "आधी मला बाहेर काढा."

ते काम सोपं नव्हतं. एवारिस्तोने पुढून हात धरून ओढलं, नेव्हिओने "माफी असावी हं, बाई" म्हणत मागून रेटलं. बाहेर आल्यावर बाईंनी झगा झटकला, शेडच्या पार टोकाला खुर्ची मांडायला लावली आणि तिच्यात बसल्या.

"हं. आता ती तुमची दोन बोटं करून दाखवा."

टपाचा पत्रा अजून जोडलेला नव्हता, नुसता ठेवलेला होता. नेव्हिओने खाली लाकडी पाचरी सारल्या. टप वर आला.

"काढ," बाई म्हणाल्या.

त्याने काढल्या.

"परत लाव."

त्याने लावल्या.

"चांगली दिसते की!" एवारिस्तो घाईघाईने म्हणाला. "मला तर काही फरकच..."

"तू गप्प बस."

बाई बघत राहिल्या. ह्या शेडमध्ये त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. इथला पंप चालायचा, नाहीतर नाही चालायचा. त्यापलीकडे त्याच्याकडे बघण्यासारखं काही नसायचं. आणि आज समोर हे असं काहीतरी उभं होतं, की नजर हलेना. फार सुंदर होतं ते. त्यांना आधी रागच आला, कशाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"काढ त्या पाचरी," त्या म्हणाल्या. "आणि चुलीत घाल."

नेव्हिओने काढल्या तसा वाल्दिएरीचा जीव भांड्यात पडला. एवारिस्तोचा घशाशी आला. "म्हणजे, आई... पुन्हा पंप?"

बाईंनी दोन्ही हात डोक्यामागे नेले, अंबाड्यातला एक आकडा ओढला आणि जावयाच्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. मग आणखी. नवरा गेल्यापासून त्यांचे मोकळे केस पोटच्या मुलीनेही पाहिले नव्हते. नेव्हिओने टोपी काढून भिंतीकडे तोंड केलं. वाल्दिएरी आपल्या बुटांकडे बघू लागला. केस कमरेपर्यंत उतरले, वर पांढरे, टोकांना अजून काळे.

ह्या खेपेला कुणी हात दिला नाही, बाई आपण होऊन आत शिरल्या. मागच्या सीटवर ताठ बसल्या. डोकं आणि टप यांच्यामध्ये हात घालून पाहिला. हात गेला.

"पण आई, रविवारी..." एवारिस्तो मुठीतले आकडे सांभाळत चाचरला. "चर्चच्या दारात अशा उतरणार? सगळ्या गावासमोर? लोक काय म्हणतील?"

बाईंनी केस खांद्यावरून पुढे घेतले.

"जोरात चालव," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटू दे, वाऱ्याने सुटले."