टॉवेलचा अंतरपाट

"आज नवरी मी!" म्हणत कॅमेऱ्याच्या दुकानाचे मालक गोगटेकाका झुपकेदार मिशीला पीळ देत उभे राहिले. समोर नवरा म्हणून त्यांच्याकडे कामाला असलेला निनाद. लग्नांचे फोटो काढणारी शलाका नवी लेन्स घेण्याआधी दुकानातच खोटं लग्न लावून अंतरपाटावर पारखायची. तो खाली येतानाची पहिली नजर टिपली, तरच लेन्स खरी. ही लेन्स तर परवाच पास झाली होती. तरी शलाका आज तिसऱ्यांदा आली होती, आणि का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

दोन गिऱ्हाइकांनी मधे टॉवेल धरला, कुणी थर्माकोलच्या अक्षता उधळल्या, सगळे बेसूर ओरडले, "शुभमंगल सावधान!" टॉवेल खाली आला. निनादची पापणीन् पापणी स्पष्ट दिसली, पण नजर थेट लेन्सकडे.

"अहो, कॅमेऱ्यात काय बघताय? नवरीकडे बघा!" अकरा वर्षांच्या सवयीनं ती खेकसली.

"नवरीकडेच बघतोय," निनाद म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मग काकांनी हात पुढे केला. "आण तो कॅमेरा. तू ये माझ्या जागी."

आजवर कॅमेऱ्याला कुणाला बोटही लावू न देणाऱ्या शलाकानं तो पट्ट्यासकट त्यांच्या गळ्यात घातला आणि टॉवेलकडे धावली.