वखारीतली सवय

"गिऱ्हाईक निघालं की 'या' म्हणावं. एवढंही जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका," नर्सरीच्या मालकीणबाई कडाडल्या.

त्यानं पिशवीत माती भरली. पंचवीस वर्षं तो स्मशानाबाहेरच्या वखारीत सरणाची लाकडं द्यायचा. तिथून निघणाऱ्याला कुणी 'या' म्हणत नाही. पन्नाशीला वखार सोडून तो रोपांत आला, पण जीभ अजून तिथलीच होती.

बकुळीचं रोप घेताना एक बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आमच्या ह्यांना लाकडं तुम्हीच दिली होतीत ना? भर पावसात, सुकी निवडून. हे त्यांच्याच नावानं लावतेय."

त्यानं रोप फाटकापर्यंत नेऊन दिलं.

"येते हं, भाऊ."

वखारीतून निघताना असं कुणीच म्हणालं नव्हतं.

"या," तो म्हणाला.