फवारणी

कीटकशास्त्रज्ञ लेकीच्या शब्दावर बापानं पेरूच्या बागेत फवारणी बंद केली होती. प्रयोगशाळेतले फळमाशीचे निर्बीज नर बागेत सोडले की माद्यांच्या अंड्यांतून अळी निघणारच नाही, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. पण त्यांच्याशी मीलन झालेल्या माद्या पुन्हा रानातल्या नरांकडे गेल्या आणि पेरू आतून सडले. आसपासच्या बागाही नासल्या. शेजाऱ्यांनी किडके पेरू दारात आणून ओतले. “औषध का नाही मारलंत?” ती पुढे झाली, तोच बाप म्हणाला, “लेक कानीकपाळी ओरडत होती, फवारा म्हणून. मीच आळस केला.” चाळीस वर्षांत त्याला कुणी आळशी म्हटलं नव्हतं. आता सगळे तोंडाला येईल ते बोलले. खरं तिच्या जिभेवर आलं, पण नोकरी डोळ्यांपुढे आली आणि तिनं ते गिळलं. शेजारी पांगल्यावर बाप हळूच म्हणाला, “पुढच्या खेपेला जमेल ना गं?”