वारसा गेला का?

"सरका की पाटील, सगळी सीट तुमच्याच नावावर हाय व्हय?" कोंडीबा म्हणाला.

संतराम पाटील हसत सरकले. गोरेगावहून सेनगावला निघालेल्या जीपमध्ये दोघं म्हातारे खेटून बसले. दोघांचीही नात आज कॉलेजच्या वादविवादात बोलणार होती. विषय थेट अमेरिकेतला होता. तिथली गुलामगिरी गेली, पण तिचा वारसा गेला का?

"कवाच गेला," संतराम म्हणाले. "आता आपलंच बघ. मांडीला मांडी लावून बसलो का न्हाई?"

"जीपमध्ये जागा न्हाई म्हणून."

ड्रायव्हर खो खो हसला. संतरामही.

कोंडीबाचा बाप जन्मभर संतरामांच्या बापाकडं सालगडी होता. कोंडीबानंही पोरवयात तिथंच ढोरं वळली होती.

"आज पोरगी पाण्याची गोष्ट सांगणार हाय," कोंडीबा हळूच म्हणाला.

संतरामांचं हसू थांबलं. "नाव घेईल का माझं?"

"घेऊ नको म्हणलं मी. ऐकून राहिली का ती कोणाचं?"

सभागृहात दोघं पहिल्याच रांगेत बसले. आधी ‘वारसा गेला’ म्हणणाऱ्या बाजूनं राजनंदिनी उठली. कायदे झाले, मताचा हक्क मिळाला, काळी माणसं मोठमोठ्या खुर्च्यांवर बसली, असं तिनं ठासून सांगितलं. "जुनं उगाळत बसलो तर पुढं जायचं कधी?"

संतरामांनी अशा टाळ्या पिटल्या, की कोंडीबानं कानावर हात ठेवले.

"आता बोल!"

"थांबा जरा. आकांक्षा येऊन राहिली."

आकांक्षा शांतपणे सुरू झाली. गुलाम सुटले, पण जमीन मालकाचीच राहिली. त्यांची नातवंडं आजही वेगळ्या वस्तीत राहतात. "तिकडं रंग बघतात," ती म्हणाली, "आपल्याकडं आडनाव विचारतात."

सभागृह दणाणलं. कोंडीबा उठून उभाच राहिला. संतरामांनी धोतराला धरून त्याला खाली बसवलं.

"लांब कशाला जायचं?" आकांक्षा पुढं बोलू लागली. "गोरेगावात एक लेकरू मालकाच्या दारात ओंजळ धरून बसायचं. मालकाचं पोरगं वरून पाणी ओतायचं. सांडलं की खिदळायचं."

संतरामांची मान खाली गेली. कोंडीबानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वारसा हाय की. गेला न्हाई." आकांक्षा गावच्या बोलीवर आली आन् पहिल्या रांगेकडं बघून खुदकन हसली. "तुमच्यापुढं उभा हाय. ओंजळ धरणारं ते लेकरू माझ्या आईचा बाप. आन् पाणी ओतणारं पोरगं माझ्या बापाचा बाप."