पडद्याचं चित्र

अकरा वर्षांच्या लेकीचे हातपाय, मान, जीभ, काहीच तिच्या ताब्यात नव्हतं; होते फक्त डोळे. थेरपिस्ट बाईंनी तिच्यासमोर चित्रांचा फळा धरला. “हिला सगळं कळतं. हवं त्या चित्राकडे बघेल.” शिलाई मशीनवरून आई म्हणाली, “खिडकीच मागेल, लावा पैज! पोरं खेळायला लागली की आनंदानं नुसती किंचाळते. म्हणून तर तिथला पडदा काढून हिची लाळेरी शिवली.” आठ वर्षं ती रोज संध्याकाळी लेकीची खुर्ची खिडकीशी लावत होती. बाहेर चेंडू आपटला, लेक किंचाळली. बाईंनी विचारलं, “काय हवंय?” लेकीची नजर खिडकीचं चित्र ओलांडून पडद्याच्या चित्रावर थांबली. बाईंनी चित्रांच्या जागा बदलल्या. पुन्हा पडदाच. लेकीच्या गळ्यातल्या लाळेऱ्यावर पडद्याचीच फुलं होती. आई उठली, हात पसरून खिडकीसमोर उभी राहिली. चेंडू आपटतच राहिला. लेक गप्प झाली.