पक्की गाठ

प्रवचनाआधी सेवेकऱ्यानं एका म्हाताऱ्याला आणून विचारलं, “महाराज, ओळखता का याले? तुमाले लहानाचं मोठं केलं म्हणते.” अंगाला मासळीचा वास. मनसारामकाकाच होता. तलावाच्या पाळीवर बसवून त्यानंच मला जाळं विणायला शिकवलं होतं. गोंडपिपरीच्या प्रतिष्ठितांसमोर मी म्हणालो, “नाही.” मग दोन तास आत्मविस्मृतीवर बोललो: माणूस जगाला ओळखतो, स्वतःलाच विसरतो. शेवटी दर्शनाची रांग लागली. त्यात काकाही होता. जवळ येऊन तो माझ्या मांडीकडे बघत राहिला, म्हणून मीही पाहिलं. बोलता बोलता माझ्या बोटांनी शालीच्या सुट्या दोऱ्यांना गाठी मारल्या होत्या. तळहाताएवढं जाळं तयार झालं होतं. लहानपणी तपासायचा तसं काकानं ते ताणलं. एकही गाठ सरकली नाही. “पक्की हाये, महाराज,” तो हळूच म्हणाला आणि माझ्या पायांवर वाकला. मी त्याला वाकू दिलं.